मोजपट्टी आणि रक्ताचा अहवाल

व्यापारी घरात वर्षातून एकदा तरी रक्ततपासणीचा कागद येतोच. कधी विमा कंपनीची अट म्हणून, कधी समाजाच्या मंडळाने भरवलेल्या आरोग्य शिबिरातून, तर कधी मुलीने बाहेरगावाहून फोनवर धरलेल्या आग्रहामुळे. कागद हाती आला की कर्त्या पुरुषाची नजर दोनच आकड्यांवर जाते. उपाशीपोटीची साखर शंभरच्या आत आणि एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत असले की कागद विम्याच्या फाईलला लागतो आणि पुढील वर्षापर्यंत विषय संपतो. घर शुद्ध शाकाहारी, अंड्याने कधी उंबरठा ओलांडलेला नाही, मग रक्तात चरबी येणार कुठून, ही पक्की समजूत त्या निश्चिंतीच्या मुळाशी असते.

त्याच कागदावर कोलेस्टेरॉलच्या खाली ‘ट्रायग्लिसराईड’ अशी एक ओळ छापलेली असते, आणि तिच्या आसपास ‘एचडीएल’ अशी दुसरी. या दोन ओळी बहुधा वाचल्या जात नाहीत. पुरुषाच्या पोटाच्या घेराचे सर्वांत जवळचे नाते मात्र याच दोन ओळींशी आहे. ते इतके जवळचे आहे की शिंप्याच्या मोजपट्टीवरून रक्तातील या आकड्यांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. वजनकाट्याला ते तितके साधत नाही.

उदाहरणादाखल एक अहवाल मांडून पाहावा. पुरुष, वय ४८, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६८ किलो. काट्यावर कुणी नाव ठेवणार नाही असे हे वजन. एकूण कोलेस्टेरॉल १८८, ट्रायग्लिसराईड २६०, एचडीएल ३२. (हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातील.) प्रयोगशाळा बहुधा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाही, ते वजाबाकीने काढते. १९७२ सालापासून रूढ असलेले फ्रीडवाल्ड यांचे सूत्र असे, की ट्रायग्लिसराईडला पाचाने भागावे आणि तो भागाकार व एचडीएल एकूण कोलेस्टेरॉलमधून वजा करावेत. येथे भागाकार ५२. १८८ मधून ३२ आणि ५२ गेले की उरतात १०४. ‘वाईट कोलेस्टेरॉल १०४’ हा आकडा पाहून पुष्कळांना हायसे वाटेल. वस्तुतः हा ताळेबंद चांगला नाही. ट्रायग्लिसराईड १५०च्या आत हवे, ते २६० आहे. पुरुषात एचडीएल ४०च्या वर हवे, ते ३२ आहे. बेरीज जुळली म्हणून खाती निर्दोष ठरत नाहीत, हे दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नाही. अशा गृहस्थाची कंबर मोजली तर ती ९५ किंवा १०० सेंटिमीटर भरण्याचा संभव मोठा असतो.

ट्रायग्लिसराईड हे नाव परके असले तरी वस्तू घरातलीच आहे. तेलाच्या डब्यातले गोडेतेल, बरणीतले तूप आणि माणसाच्या पोटावरची चरबी ही तिन्ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने मुख्यतः ट्रायग्लिसराईडच होत. ते शरीराचे इंधन आहे. कोलेस्टेरॉल हा निराळा पदार्थ आहे, पेशींची आवरणे आणि काही संप्रेरके घडवण्यासाठी लागणारा. अन्नातील कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांतून येते, आणि दूधतूप सोडले तर शाकाहारी ताटात ते जवळजवळ नसतेच. ट्रायग्लिसराईडची गोष्ट वेगळी. साखर, मैदा, भात, बटाटा, फळांचा रस यांतून गरजेपेक्षा अधिक आलेली ऊर्जा यकृत स्वतःच ट्रायग्लिसराईडमध्ये बदलते. ताटात चरबीचा थेंब नसला तरी रक्तात ती तयार होऊ शकते. ‘आम्ही शाकाहारी’ हे उत्तर म्हणूनच अर्धे आहे. ते कोलेस्टेरॉलच्या प्रश्नाला काही अंशी लागू पडते, या प्रश्नाला लागू पडत नाही.

चरबी किती आहे यापेक्षा ती कोठे आहे याला अधिक महत्त्व आहे, हे प्रथम ठामपणे मांडले ते फ्रान्समधील मार्सेय शहराच्या ज्याँ वाग या वैद्याने, १९४७ साली. काहींची चरबी नितंब व मांड्यांवर साठते, स्त्रियांमध्ये बहुधा तशी. काहींची धडाच्या वरच्या भागात व पोटावर, पुरुषांमध्ये बहुधा तशी. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी पुरुषी ठेवण म्हटले, आणि मधुमेह, रक्तवाहिन्या कठीण होणे व संधिरोग यांची संगत या ठेवणीशी आहे असे सांगितले. त्या ठेवणीची स्त्रीही त्याच वाटेने जाते, हेही त्यांचेच निरीक्षण. पुढील तीसएक वर्षे या म्हणण्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

याच काळात लंडनमध्ये एक अभ्यास झाला. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेलेल्यांना तो विशेष रुचेल. जेरेमी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचारी अभ्यासासाठी निवडले. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. पगार, वस्ती, खाणेपिणे साधारण सारखे. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हृदयविकार चालकांमध्ये अधिक होता, आणि वाहकांना झाला तरी उशिरा व सौम्य. तीन वर्षांनी मॉरिस यांनी दुसरा लेख लिहिला. त्यासाठी त्यांनी कुणाचेही रक्त काढले नाही. कंपनी कर्मचाऱ्यांना गणवेश देई, त्या गणवेशांच्या मापांची नोंद होती, ती नोंदवही त्यांनी पाहिली. त्याच उंचीच्या व त्याच वयाच्या वाहकापेक्षा चालकाच्या पँटची कंबर मोठी भरत होती. मॉरिस यांनी येथे एक प्रामाणिक शंकाही नोंदवली. तरुण, नव्या चालकांच्या कंबराही मोठ्याच होत्या. म्हणजे बसून काम केल्याने कंबर वाढली, की भरल्या अंगाची माणसेच बसण्याची नोकरी निवडत होती? दोन्ही थोडेथोडे खरे असावे. पण शिंप्याच्या नोंदवहीतून हृदयाची वार्ता काढता येते, एवढे त्या लेखाने दाखवले.

पोटाच्या आत डोकावण्याचे साधन १९८०च्या दशकात आले. सीटी स्कॅनच्या एकाच चित्रात कातडीखालची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी वेगळी दिसू लागली. ओसाका येथील मात्सुझावा आणि त्यांचे सहकारी फुजिओका यांनी १९८७ साली दाखवले, की आतील चरबीचे प्रमाण ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात रक्तातील साखर व ट्रायग्लिसराईड अधिक बिघडलेले असतात, एकंदर लठ्ठपणा सारखा असला तरी. जपानचे सुमो मल्ल हे याचे डोळ्यांत भरणारे उदाहरण. प्रचंड देहाचे हे मल्ल रोज कठोर सराव करतात, आणि सरावात असेतो त्यांची चरबी बहुतांशी कातडीखाली राहते व रक्ताचे आकडे पुष्कळदा ठीक असतात. जपानने हे इतके मनावर घेतले, की २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या विमाधारकांच्या वार्षिक तपासणीत कंबर मोजणे हा ठरलेला भाग झाला. पुरुषांसाठी तेथील मर्यादा ८५ सेंटिमीटर आहे.

दोन चरबींत हा फरक का पडतो, हे समजण्यासाठी गोदामाचा विचार पुरेसा आहे. कातडीखालची चरबी हे शरीराचे मुख्य गोदाम. माल तेथे शांतपणे पडून राहतो, बँकेतील मुदत ठेवीसारखा. गोदामात जागा आहे तोवर जादा आलेला माल निमूट आत जातो. गोदाम भरले आणि आवक थांबली नाही, तर पोती ओसरीवर, जिन्यात, गल्लीत रचली जातात. पोटाच्या आतील चरबी म्हणजे ही बाहेर रचलेली पोती. जठर व आतडी यांवरून पडद्यासारखी लोंबणारी चरबी, आतड्यांच्या बेचक्यांतली चरबी, खुद्द यकृतात उतरलेली चरबी. हा साठा अस्वस्थ असतो. त्यातून मेदाम्ले सतत सुटत राहतात, आणि तेथील रक्त एका मोठ्या शिरेने थेट यकृताकडे जाते. खरा अपराधी ही आतली चरबीच, की ती केवळ गोदाम भरल्याची खूण, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. यकृताकडे येणारी पुष्कळशी मेदाम्ले अन्य ठिकाणच्या चरबीतूनही येतात. कंबर मोजणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही अर्थ एकाच दिशेने बोट दाखवतात.

यकृताकडे अशी आवक वाढली आणि इन्शुलिनचा अंमल सैल झाला, की यकृत ती चरबी पुड्यांत बांधून पुन्हा रक्तात पाठवते. या पुड्या म्हणजे व्हीएलडीएल, अहवालातील ट्रायग्लिसराईडचा मोठा हिस्सा. पुढे रक्तात देवघेव चालते. या पुड्या आपले ट्रायग्लिसराईड एचडीएल व एलडीएल यांच्या गळ्यात बांधतात आणि त्यांच्याकडचे कोलेस्टेरॉल घेतात. असे बदललेले एचडीएल लहान होते, शरीरातून लवकर बाहेर पडते, म्हणून त्याचा आकडा घसरतो. एलडीएलचे कणही लहान व घट्ट होतात. आता त्या १०४ आकड्याकडे पुन्हा पाहावे. शंभर रुपये एका नोटेतही असतात आणि शंभर नाण्यांतही. अहवाल रक्कम सांगतो, नग सांगत नाही. धमनीच्या भिंतीत शिरकाव होतो तो मात्र नगांचा. लहान कणांत विभागलेले १०४ हे मोठ्या कणांतील १०४ पेक्षा अधिक घातक असू शकते. नग मोजणारी ‘एपो-बी’ नावाची तपासणी उपलब्ध आहे, कारण अशा प्रत्येक कणावर एपो-बी या प्रथिनाचा नेमका एक रेणू असतो. ती करणे शक्य नसेल तर त्याच कागदावर, पदरचा एक पैसा न खर्चता, दुसरी वजाबाकी करता येते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. वरील उदाहरणात १८८ उणे ३२ म्हणजे १५६. सर्वसाधारण अपेक्षा १३०च्या आत असण्याची. एलडीएलच्या आकड्याने झाकलेली गोष्ट ही वजाबाकी उघड करते.

या साऱ्याला अगदी व्यवहारी रूप दिले ते कॅनडातील क्वेबेकच्या संशोधकांनी. ज्याँ-पिएर देप्रे यांच्या गटाने २००० साली पुरुषांच्या अभ्यासातून दोन खुणा पुढे केल्या, कंबर ९० सेंटिमीटर वा अधिक, आणि ट्रायग्लिसराईड सुमारे १७७ वा अधिक. ज्या पुरुषांत या दोन्ही खुणा होत्या, त्यांतील दहांपैकी आठांहून अधिक जणांत तिहेरी बिघाड आढळला. रक्तात इन्शुलिन वाढलेले, एपो-बी वाढलेले आणि एलडीएलचे कण लहान. दोन्ही खुणा नसलेल्यांत हे प्रमाण साधारण दहांत एक होते. एक शिंप्याची पट्टी आणि एक स्वस्त रक्ततपासणी. महागड्या चाचण्यांची लांबलचक यादी हाती देणाऱ्या आजच्या ‘पॅकेज’च्या काळात हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

भारतीय पुरुषाच्या बाबतीत मर्यादा अधिक कडक का, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या कोड्याला ‘वाय-वाय’ असे नाव पडले. सारख्याच वजनात भारतीयाच्या अंगी स्नायू कमी आणि चरबी अधिक, हा त्याचा अर्थ. याचे मूळ जन्मापर्यंत जाते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली गेली. येथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५ किलो. येथल्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान, पण पाठीवरील कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. काडीसारखे दिसणारे मूलही आतून चरबी राखून असते.

परदेशी गेलेल्यांनी हीच देहयष्टी सोबत नेली. लंडनच्या साउथॉल भागात व आसपास पॉल मॅकीग यांनी केलेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीन हजारांहून अधिक पुरुष होते. तेथील भारतीय उपखंडातल्या पुरुषांत युरोपीयांच्या तुलनेत पोटाचा घेर अधिक, ट्रायग्लिसराईड अधिक, एचडीएल कमी आणि मधुमेह कितीतरी अधिक आढळला. अमेरिकेत पुरुषांसाठी १०२ सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानत असताना आपल्याकडे ती ९० धरतात, ती या कारणाने. स्त्रियांसाठी ती ८० आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३ साली जाहीर झाले, सुमारे ३९.५ टक्के प्रौढांत पोटाचा लठ्ठपणा आढळला. एकंदर लठ्ठपणा २८.६ टक्के होता. म्हणजे कित्येकांच्या पोटाचा दोष वजनकाट्याला दिसलाच नाही.

मराठीत सुटलेल्या पोटाकडे पूर्वापार कौतुकाने पाहिले गेले. ‘खात्यापित्या घरचा’ हा शब्दप्रयोग निंदेचा नव्हे. चित्रातला शेठजी तक्क्याला टेकून गादीवर बसलेला आणि गोलमटोल पोटाचाच असतो. गादी गेली, खुर्ची आली, संगणक आला. बसणे तेवढे राहिले, उलट वाढले. पूर्वीचा व्यापारी वसुलीसाठी पेठेत पायी फिरे, मालाचे नमुने घेऊन आठवडी बाजार करी. आता वसुली मोबाईलवर होते. दुकान सकाळी दहाला उघडते, रात्री नऊला बंद होते, आणि मधल्या अकरा तासांत मालकाची पावले गल्ला ते मागची खोली एवढीच पडतात. स्नायू हलत नसले की रक्तातील ट्रायग्लिसराईड उचलून जाळणारी त्यांची यंत्रणाही मंदावते. बसण्याचा दोष केवळ वजन वाढवण्यापुरता नाही.

खाण्याचा हिशेबही मांडून पाहावा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर आणि प्रत्येक दलालाबरोबर अर्धा कप चहा होतोच. दिवसाकाठी सहा कप धरले आणि कपात दोन चमचे साखर, तर बारा चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो. ही फक्त चहातली साखर. त्यात दुपारच्या डब्यानंतरचा पेढा, चारच्या सुमारास आलेली शेव-पापडी, कुणाच्या मुलाच्या साखरपुड्याचा बॉक्स, रविवारचे श्रीखंड यांचा समावेश नाही. प्रौढ माणसाने दिवसभरात वरून घातलेली एकूण साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि शक्य तर त्याच्या निम्म्यात. म्हणजे चहानेच पूर्ण कोटा संपवला. तळणीचे तेल आणि वनस्पती तूप यांचा विषय निराळा. ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगले झाले. पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईला तो नियम पोहोचत नाही.

आग्रहाचाही एक भाग आहेच. जेवणाऱ्याने नको म्हणावे आणि वाढणाऱ्या काकूंनी ‘एवढ्याने काय होते’ म्हणत आणखी एक पुरणपोळी वर तूप सोडून ताटात टाकावी, यात प्रेम आहे यात शंका नाही. प्रेम व्यक्त करण्याची वेगळी रीत घरातील स्त्रियांनी शोधली तर पुरुषांचे काम पुष्कळ सोपे होईल. अर्थात जबाबदारी सगळी त्यांच्यावर टाकणेही न्याय्य नाही. चहा दुकानात प्यायला जातो, आणि तेथे काकू नसतात.

उपाय कठीण नाहीत, फक्त सावकाशीचे आहेत. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तर ट्रायग्लिसराईड साधारण वीस टक्क्यांनी उतरते. ७५ किलोच्या माणसाला हे चार ते साडेसात किलोंचे काम झाले. पोटाच्या आतील चरबी अस्वस्थ असल्याने ती उतरण्याच्या बाबतीतही पुढे असते, म्हणून काटा फारसा हललेला नसतानाही पट्ट्याचे भोक एकाने मागे सरकते. नेमाने झपाझप चालणाऱ्यांत वजन तेवढेच राहूनही ही चरबी कमी झालेली आढळते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. गप्पा मारत, थांबत, ओळखीच्यांशी भाव विचारत केलेला फेरफटका यात धरता येणार नाही. भात-पोळीचा भाग कमी करून डाळी, मूग, हरभरा, ताक आणि पालेभाज्या यांचा वाढवावा. मैद्याच्या जागी ज्वारी-बाजरी यावी. फळ रस काढून पिण्याऐवजी चावून खावे. पैसे देऊन चरबी काढून घेण्याचा मार्ग मात्र येथे कामाचा नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालून शस्त्रक्रियेने कित्येक किलो चरबी शोषून काढली गेली, तरी इन्शुलिन व रक्तमेदाच्या आकड्यांत सुधारणा झाली नाही. काढला गेला तो गोदामातला माल. ओसरीवरची पोती जागीच राहिली.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम ज्या घरांत आहे, त्यांना तपासणीच्या बाबतीत एक आयती सोय मिळते. ट्रायग्लिसराईडसाठी दहा-बारा तास उपाशी राहून रक्त देण्याची पद्धत आहे, आणि येथे ते तास सकाळपर्यंत आपोआप भरतात. उपवास, एकासन, आयंबिल यांमागचा हेतू वेगळा, त्यांची चर्चा येथे अस्थानी होईल. रक्ताच्या अहवालापुरते एवढे खरे, की आयंबिलात तूप, तेल, साखर, दूध, दही बाजूला राहतात, पण वर्षातील उरलेल्या दिवसांचे ताट जसेच्या तसे राहिले तर सहा महिन्यांनंतरच्या आकड्यांत त्याचा मागमूस उरत नाही. दीर्घ तपाच्या काळात किंवा पारण्याच्या आठवड्यात केलेली तपासणी नेहमीचे चित्र दाखवत नाही, ती दोन-तीन आठवडे नेहमीचा आहार झाल्यावर करावी. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी तप सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचे वेळापत्रक ठरवून घ्यावे. काही गोळ्या व इन्शुलिन उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीवर उतरवतात.

कंबर मोजण्याची रीत सोपी असूनही बहुतेकांची चुकते. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेला पुरुष पँट पोटाखाली बांधतो आणि वीस वर्षे ‘माझा नंबर छत्तीसच’ असे समाधानाने सांगतो. बरगडीचे शेवटचे हाड आणि कमरेच्या हाडाची वरची कड ही दोन्ही बाजूला बोटांनी चाचपावीत, त्यांच्या बरोबर मध्यावर पट्टी आडवी धरावी. कपडा मध्ये नको. सरळ उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढून मोजण्याचा मोह प्रत्येक पुरुषाला होतो, म्हणून पट्टी घरातील दुसऱ्या कुणी धरलेली बरी. ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या जरा आत. ज्या घरात वडिलांना किंवा काकांना पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला, त्या घरातील पंचवीस-तिशीच्या सडपातळ मुलांचीही कंबर एकदा मोजून ठेवावी.

आकडा ९०च्या पुढे आणि ट्रायग्लिसराईड १५०च्या पुढे निघाले, तर आहार व चालणे सुरू करून तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्यावे. रोजमेळाच्या वहीत तारखेसह तीन आकडे उतरवावेत, कंबर, ट्रायग्लिसराईड आणि एचडीएल. थायरॉईडचा बिघाड, अनियंत्रित मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, मद्य आणि काही औषधे यांनीही ट्रायग्लिसराईड वाढते, ते डॉक्टर पाहतील. औषध द्यायचे की नाही, हे ते एकंदर जोखीम पाहून ठरवतील, आणि पुष्कळदा पहिली गोळी एलडीएलची असेल, ट्रायग्लिसराईडची नसेल, त्याने गोंधळून जाऊ नये. मात्र ट्रायग्लिसराईड ५००च्या वर निघाले तर तीन महिने वाट पाहण्याची मुभा नाही. तेथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात घ्यावी लागते.